हवेचं कपाट

पावणेदहाला दुसऱ्या मजल्याचं कुलूप निघायचं आणि लगेच मनकर्णाबाई गजभिये काचेच्या कपाटापुढे उभ्या असायच्या. हातात उदबत्ती. एकच. टोक पेटवून, ज्योत विझवून त्या ती कपाटाच्या तोंडाशी धरायच्या आणि डावीकडून उजवीकडे न्यायच्या, पानावरून मुंगी चालेल इतक्या सावकाश. धूर आत वाकला, खालच्या जाळीत ओढला गेला, की त्या मान हलवायच्या. उदबत्ती पाण्याच्या वाटीत बुडवायच्या. मग दिवस सुरू.

नवख्याला वाटे, पूजा चालली आहे. देवराव त्या समजुतीला खतपाणी घालायला टपलेलाच असे. देवराव खालच्या खिडकीवर बसतो. पोलीस जी खोकी आणतात त्यांच्यावरची लाख आणि मोहोर तपासून ती आत घेणं हे त्याचं काम.

"वयनी," तो म्हणायचा, "सासऱ्यानं घरातले देव काढले अन् तुमी हापिसात बसवले का?"

सासरे गोपाळराव यांनी छप्पन्न साली नागपुरातच दीक्षा घेतली होती आणि त्याच आठवड्यात घरातले देवांचे टाक नदीला दिले होते. तेव्हापासून त्या घरात नवस नाही, नैवेद्य नाही. मनकर्णाबाई उदबत्तीची राख झटकत उत्तर द्यायच्या, "देव दिसत नाई म्हून सोडला, देवरावभाऊ. हवा बी दिसत नाई, पण थे सोडता येत नाई."

ही न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. संशयास्पद रीतीनं मेलेल्या माणसांच्या शरीरातले तुकडे इथे मिठाच्या पाण्यात बुडवून, बरण्यांत बंद होऊन येतात. माणूस विषानं मेला की आजारानं, हे त्या बरण्यांना विचारायचं असतं. बरणी बोलते, पण तिला विचारणाऱ्यानं स्वतः जिवंत राहिलं पाहिजे. म्हणून ते काचेचं कपाट. वरून गाळलेली स्वच्छ हवा खाली उतरते, समोरून खोलीतली हवा आत खेचली जाते, आणि कपाटाच्या उघड्या तोंडाशी हवेचा एक पडदा उभा राहतो. आत जे उडतं ते आतच राहतं. बसणाऱ्याचे हात पडद्याच्या आत, तोंड बाहेर. पडदा मात्र कुणाला दिसत नाही.

नागसेनच्या वेळी असा पडदा नव्हता.

नागसेन म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान. याच कचेरीत, जुन्या इमारतीत, परिचर होते. एक लांब ओटा, त्यावर घरात चटणी वाटतात तसलाच मिक्सर, आणि वर छताचा पंखा. बरणीतले तुकडे मिक्सरमधून बारीक करून द्यायचे, म्हणजे पुढे त्यातलं विष शोधता येतं. नागसेन नाकाला रुमाल बांधून ते करत. झाकण उघडलं की बारीक थेंब उडत आणि पंखा ते खोलीभर वाटून टाकी. रुमालानं ते अडत नाहीत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणाऱ्यांनीही रुमालच बांधलेला असे. पाचव्या वर्षी खोकला सुरू झाला. फुप्फुसाचा क्षय. ते गेले तेव्हा मुलगी मेघा सात वर्षांची होती.

क्षय कुठून आला? वस्तीतून, बसमधून, की त्या ओट्यावरून? कुणीच सांगू शकलं नाही. परक्या माणसाच्या आतड्यातून कणभर विष हुडकणारी ही जागा स्वतःच्या माणसाबद्दल गप्प राहिली. रडणं संपल्यावर मनकर्णाबाईंजवळ उरलं ते हे गप्प राहणं. अनुकंपेवर त्यांना तिथेच परिचराची नोकरी लागली तेव्हा सासू इंदूबाईंनी विचारलं, ज्या जागेनं माणूस खाल्ला तिथं काहून जातं वं? त्यांनी एकच शब्द सांगितला, "पाहाले."

आणि त्यांनी खरंच पाहिलं. अठरा वर्षं. दहावी नापास बाई, पण कोणत्या बरणीला कोणता वास असतो ते त्यांना कळतं. रक्ताचे कपडे ओले बांधून ठेवले तर कुजतात आणि त्यांच्यासोबत पुरावाही कुजतो, म्हणून ते सावलीत, दोरीवर, खाली कागद पसरून वाळवायचे, हे त्यांनी कित्येक नव्या मुलांना शिकवलं. इमारतीतून बाहेर जाणारी प्रत्येक वापरलेली वस्तू आधी वाफेच्या मोठ्या यंत्रात शिजते. त्या यंत्राला त्या कुकर म्हणतात आणि त्याचा काटा पूर्ण खाली आल्याशिवाय कुणालाही, साहेबालाही, दार उघडू देत नाहीत. एकदा देवरावनं गडचिरोलीच्या जंगलपट्टीतून आलेल्या हवालदाराला मोहोर जुळत नाही म्हणून परत पाठवलं. हवालदार दिवसभराचा प्रवास करून आला होता. तो रडकुंडीला आला, मग चिडला. मनकर्णाबाई वरून उतरल्या, त्याला आपल्या डब्यातली पोळी दिली, आणि तो खाऊन उठल्यावर शांतपणे म्हणाल्या, की आता परत जा. मोहोर जुळली नाही तर न्यायालयात बरणीची साक्ष कुणी मानणार नाही, आणि मेलेल्याला दुसरी साक्ष देता येत नाही.

धुराची युक्ती श्रीधर सरांची. नवी इमारत झाली, कपाट आलं, तेव्हा ते विभागप्रमुख होते. ते म्हणाले होते की तपासणीचा इंजिनियर वर्षातून एकदा येणार, बाकीचे दिवस हवेवर डोळा कोण ठेवणार? मग त्यांनीच उदबत्ती पेटवून दाखवली. धूर आत गेला तर बसा. तोंडावर आला तर उठा. एवढं साधं. मनकर्णाबाईंनी उदबत्ती हातात घेतली आणि धूर आत वळला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. नागसेन ज्या गोष्टीनं गेले असतील-नसतील, ती गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होती. श्रीधर सर निवृत्त झाले. उदबत्ती राहिली.

या फेब्रुवारीत लतिका मॅडम विभागप्रमुख म्हणून आल्या. प्रताप नगरात राहतात, स्कूटरवर येतात, फार बोलत नाहीत. तिसऱ्याच दिवशी त्यांनी उदबत्ती पाहिली. मागच्या फळीवर ठिणगीनं पेट घेतील अशा द्रावकांच्या बाटल्या आणि इथे जळतं टोक. त्यांनी ते तिथल्या तिथे बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी कागदही काढला. कागदावर लिहिलं होतं, प्रयोगशाळेत धार्मिक विधी करू नयेत.

आगीचं मनकर्णाबाईंना पटलं. इतकी वर्षं आपल्याला हे सुचलं कसं नाही, याची त्यांना लाजच वाटली. पण धार्मिक विधी? तो शब्द त्यांनी तीनदा वाचला. गोपाळरावांच्या सुनेला? मॅडमना जाऊन सांगावं की हा विधी नव्हे, परीक्षा आहे, असं मनात आलं. गेल्या नाहीत. उदबत्तीचा पुडा खणात टाकला आणि खण जोरात लावला. आता कपाटावरचा हिरवा दिवा आणि शेजारचा आकडा, एवढ्यावरच भरवसा. आकडा कपाटाच्या पोटातला वारा मोजतो. तोंडाशी काय चाललं आहे ते त्याला माहीत नसतं.

मग मे महिना आला. पारा पंचेचाळीसवर गेला आणि सोमवारी खोलीतला एसी बंद पडला.

त्याच सोमवारी पायल उके या विभागात रुजू झाली होती. हिंगण्याची मुलगी. वडील तिथल्या कारखान्यात पाळीवर जातात. ही रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, पहिलीच नोकरी, बोलायला लागली की थांबत नाही. लांब बाह्यांचा झगा, दोन-दोन हातमोजे, मास्क, टोपी चढवून ती दुपारी कपाटापुढे सराव करायला बसली आणि वीस मिनिटांत स्टुलावरून खाली कलंडली. देवराव धावला. पाणी मारलं, कांदा हुंगवला. पोरगी उठून हसली, पण देवरावचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं खालचा स्वतःच्या खिडकीजवळचा कूलर, तो भलामोठा पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, दोघांना घेऊन जिन्यानं वर चढवला. व्हरांड्यात ठेवला. तोंड खोलीकडे केलं. दार मिटू नये म्हणून खाली वीट लावली. अकरा वाजता सुरू केला की संध्याकाळपर्यंत ओल्या वाळ्याचा गार झोत थेट पायलच्या पाठीवर.

सगळे देवरावला दुवा देत होते. मनकर्णाबाईही. बुधवारी सकाळी कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी त्यांनीच ओतलं होतं.

लतिका मॅडम सोमवारपासून चंद्रपूरच्या न्यायालयात साक्षीला गेल्या होत्या. त्या नसताना बरणी उघडायची नाही म्हणून पायलनं दोन दिवस नुसत्या नोंदी केल्या. बुधवारी सकाळी मॅडमचा फोन आला. मौद्याहून आलेली बरणी आज उघडा, मी बसमध्ये आहे, पोचतेच, अहवाल शुक्रवारी द्यायचाय. मौद्याजवळच्या वस्तीत एक माणूस झोपल्या जागी मेला होता, आणि त्याच्या बायकोनं जेवणात काही घातलं असं भावकी म्हणत होती. बरणीसोबतच्या कागदावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं एक ओळ लिहिली होती. दोन्ही फुप्फुसांत पांढरट गाठी, क्षयाचा संशय.

ती ओळ पायलनं मोठ्यानं वाचली तेव्हा मनकर्णाबाई ट्रेमध्ये मिक्सरची भांडी मांडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पायलचा मास्क नाकावर चिमटून नीट बसवला, झग्याच्या नाड्या मागून ओढून बांधल्या, आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. आज इथून हलायचं नाही.

पायलनं बरणी कपाटात ठेवली. मोहोर कागदावरच्या नमुन्याशी ताडून पाहिली, लाख फोडली. हिरवा दिवा लागलेला. आकडा बरोबर. पाठीमागे कूलर घरघरत होता. सव्वाबारा.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक म्हातारी आत आली.

रुईचं बोंड उन्हात फुटलं की त्यातून जो रेशमी केसांचा झुपका उडतो, त्याला मुलं म्हातारी म्हणतात. आवाराच्या भिंतीशी रुई माजली होती, आणि या दिवसांत अशा म्हाताऱ्या सगळीकडे तरंगतात. ही एक कूलरच्या झोतात सापडली. दारातून आली, पायलच्या खांद्यावरून गेली, कपाटाच्या तोंडाशी पोचली. मनकर्णाबाई सवयीनं पाहत होत्या. आता आत वळेल. आता जाळी तिला ओढून घेईल.

म्हातारी थबकली. पडद्याशी थरथरली. मग आत जायच्या ऐवजी वर चढली, उलटी फिरली, आणि पायलच्या मास्कवर येऊन बसली.

मनकर्णाबाईंच्या छातीत धाडकन काहीतरी उघडलं. भीती होती का? होतीच, पण त्यासोबत दुसरंही होतं, वीज अंगातून जावी तसं. आपण पाहिलं. अठरा वर्षं ज्यासाठी डोळे ताणले, ते आत्ता, दिवसाढवळ्या, एका केसाच्या झुपक्यानं करून दाखवलं.

पायलचं बोट बरणीच्या झाकणावर होतं.

"थांब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "झाकण नको फिरवू. हात तसाच ठेव."

अठरा वर्षांत त्यांनी कपाटापुढे बसलेल्या कुणाही शास्त्रज्ञाला थांब म्हटलं नव्हतं.

पायलनं मान वळवली. काय झालं मावशी, विंचू आहे का, असं तिनं विचारलं. मनकर्णाबाईंनी तिच्या मास्कवरची म्हातारी चिमटीनं उचलली आणि तिला दाखवली. हवा बाहेर येऊन राहिली, त्या म्हणाल्या. पायलनं दिव्याकडे बोट केलं. दिवा हिरवा होता, मॅडमचे दोन फोन येऊन गेले होते, आणि झाकणाला फक्त एक पीळ द्यायचा बाकी होता. ती काकुळतीला आली. आवाज ऐकून देवराव पाण्याची बादली घेऊन दारात आला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"धूर बंद झाला तं आता म्हाताऱ्या पाहून राहिल्या का वयनी? उद्या कावळा पाहसान."

"कूलर बंद कर, भाऊ."

"काहून? पोट्टी पडली होती परवा. तुमीच म्हणल्या, बरं केलं भाऊ म्हून."

"म्हणली. चुकलं माह्यं. बंद कर."

देवरावनं बादली खाली ठेवली, पण बटणाला हात लावला नाही. त्याचा चेहरा पडला होता. जिवाचं रान करून चढवलेला कूलर, आणि ही म्हणते चुकलं. याच क्षणी लतिका मॅडम जिन्यावरून वर आल्या. बसमधून तशाच. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लाल. विटेनं उघडं धरलेलं दार, व्हरांड्यातला कूलर, कपाटात लाख फोडलेली बरणी, आणि मनकर्णाबाईंच्या चिमटीत काहीतरी पांढरं, एवढं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"आता हे काय आहे, मनकर्णाबाई?"

हा प्रश्न सकाळी आला असता तर त्या गप्प बसल्या असत्या. पण आता त्यांच्या अंगात थांबणं उरलं नव्हतं. त्यांनी म्हातारी कशी आली, कुठे थबकली, कुठे उलटली, सगळं हातानं हवेत आखून दाखवलं. आवाज चढला होता, शब्द एकमेकांवर आदळत होते. बरणीत क्षय आहे मॅडम, आणि कपाट पोरीच्या तोंडावर हवा सोडतंय. दिवा खोटं नाही बोलत, पण त्याला इथलं दिसत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "धूर तुमी बंद केला, बराबर केलं. पण मंग मले सांगा, मॅडम, हवा कशानं पाहू?"

लतिका मॅडमनी मान वळवून कूलरकडे पाहिलं. हा प्रश्न फेब्रुवारीतच विचारला जायला हवा होता, आणि तो त्यांनी स्वतःच विचारायला हवा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग पिशवी तिथेच टाकून त्या म्हणाल्या, "पायल, बरणी झाकून, पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये. देवराव, खाली डीएनए विभागात सुका बर्फ आलाय का बघा. आणि एक पातेलं गरम पाणी."

पाच मिनिटांत सगळा मजला गोळा झाला. लतिका मॅडमनी सर्वांना दारापासून मागे काढलं. जाड हातमोज्यांनी सुक्या बर्फाचे दोन तुकडे गरम पाण्यात टाकले आणि पातेल्यातून पांढरं दाट धुकं फसफसून वर आलं. ज्योत नाही, ठिणगी नाही. पातेलं कपाटाच्या तोंडापुढे धरून त्यांनी देवरावला खूण केली. बंद.

कूलरची घरघर थांबली. दार मिटलं. धुकं काठावरून ओघळलं, क्षणभर घुटमळलं आणि सरळ जाळीत गेलं. पाण्यानं मोरीचं तोंड शोधावं तसं.

"आता दार उघडा आणि सुरू करा."

झोत आला. धुक्याच्या मधोमध दरी पडली. अर्धं आत गेलं, अर्धं उसळून वर आलं, बाहेर आलं, आणि स्टुलावर माणूस बसतो तिथे, नेमकं नाकाच्या उंचीवर, भोवऱ्यासारखं फिरू लागलं. मागे कुणीतरी बाप्पा म्हणालं. लतिका मॅडम स्वतः स्टुलावर बसल्या आणि धुक्यात तोंड घातलं. उठल्या तेव्हा चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात धरला, पुसला नाही.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. पाचव्या वेळी त्यांचा आवाजही मनकर्णाबाईंसारखाच चढला होता. त्या भराभर बोलत होत्या, निम्मं स्वतःशीच. कपाट बिघडलेलं नाही. बाहेरचा झोत पडदा फाडतो. तपासणीचा दाखला जानेवारीतला आहे, आणि जानेवारीत कूलर कुठे असतो?

"माळ्यावर," देवराव बारीक आवाजात म्हणाला.

थंडीतला दाखला आणि उन्हाळ्यातलं काम. सगळ्यांना ते एकदम कळलं, आणि एवढी साधी गोष्ट कुणालाच आधी दिसली नव्हती म्हणून एक-दोघं चक्क हसले.

मग मॅडमनी विचारलं, उदबत्ती किती वाजता लावत होता?

"पावणेदहाले."

"आणि कूलर?"

"अकराले."

मनकर्णाबाईंनी उत्तर दिलं आणि त्या स्वतःच त्या उत्तरापुढे उभ्या राहिल्या. कागद निघाला नसता, उदबत्ती चालू असती, तरी आज सकाळी त्यांनी बंद दाराच्या खोलीत धूर आत जाताना पाहिला असता, मान हलवली असती, आणि पायलला निर्धास्त बसवलं असतं. इतक्या वर्षांत वेळ एकदाही बदलली नव्हती. जागा बदलली नव्हती. दार उघडं असताना, पंखा चालू असताना, कुणी मागून गेलं तर काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमी विधी लिहिलं तवा मले लय राग आला होता. पण टाइम बांधून घेतला, अन् पाहाचं सोडून नुसती मान हालवत राहिली, मंग थे पूजाच झाली ना."

लतिका मॅडमनी टेबलावरून एक कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहू लागल्या. लिहून झाल्यावर मनकर्णाबाईंपुढे धरला. हवेची तपासणी रोज व्हावी, ज्योतीशिवाय व्हावी, प्रत्यक्ष काम चालू असताना असते तीच स्थिती ठेवून व्हावी, आणि तिची वेळ कुणालाही आगाऊ सांगू नये. खाली तपासणी करणार म्हणून नाव, मनकर्णा नागसेन गजभिये. तपासणीत दोष दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्यांना राहील.

"ही शेवटची ओळ मला वरून मंजूर करून घ्यावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "आजच्यापुरती माझ्या सहीवर चालेल."

मनकर्णाबाईंनी तो कागदही तीनदा वाचला.

पण मौद्याची बरणी फ्रीजमध्ये होती, आणि शुक्रवार काही पुढे सरकला नव्हता. कूलर बंद, दार बंद, एसी मेलेला, बाहेर पंचेचाळीस. पायलला दोनच दिवसांपूर्वी भोवळ आली होती. लतिका मॅडम म्हणाल्या की आम्ही दोघी आळीपाळीनं बसू, बारा-बारा मिनिटं. घड्याळ मनकर्णाबाईंकडे. देवरावला वाईट वाटून घ्यायला वेळच मिळाला नाही. त्याला दार राखायला बसवलं. तो बंद कूलरला टेकून बसला आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला, लेखापालालासुद्धा, सांगत राहिला की आत जाता येत नाई, हवा बसली हाये.

मनकर्णाबाईंनी कापसाचा एक तंतू काढून कपाटाच्या काचेच्या काठाला चिकटपट्टीनं लावला. तंतू आत वळला आणि तसाच राहिला. पायल बसली. झाकणाला पीळ दिला. कालची बडबडी पोरगी आता श्वाससुद्धा मोजून घेत होती. फुप्फुसाचा तुकडा मिक्सरच्या भांड्यात गेला, झाकण बसलं, बटण दाबलं. आतला आवाज काचेतून घुमत आला. मनकर्णाबाईंना तो आवाज ओळखीचा होता. डब्याच्या सुट्टीत नवऱ्याला भेटायला यायच्या तेव्हा जुन्या इमारतीच्या जिन्यात तो ऐकू यायचा. त्यांनी डोळे मिटले नाहीत. एक डोळा तंतूवर, एक घड्याळावर, आणि तिसरा असता तर पायलच्या पाठीवर, कारण झगा तिथे भिजून काळा पडत चालला होता.

मिक्सर थांबला. "लगेच नको उघडू," त्या म्हणाल्या, "थेंब बसू दे." पायल थांबली. मॅडमही थांबल्या. तिघी जणी एका बंद भांड्याकडे पाहत राहिलेल्या, घाम हनुवटीवरून टपटपतोय, आणि कुणालाच कंटाळा नाही. पायलचे डोळे मास्कवरून चमकत होते. मग झाकण निघालं. तंतू आत. अजूनही आतच.

बारा मिनिटं, बदल. बारा मिनिटं, बदल. चार पाळ्या झाल्या. शेवटची नळी बंद होऊन, क्रमांक लागून पेटीत गेली तेव्हा दोन वाजून गेले होते. त्या नळ्यांतून पुढे काय निघेल, मौद्याची ती बाई सुटेल की नाही, हे मनकर्णाबाईंना कळणार नव्हतं. अहवाल मोहोरबंद पाकिटात जातो, आणि पाकिटं परिचरांना उत्तर देत नाहीत. पण स्टुलावरून जी उठली तिच्याबद्दल आज कुणाला गप्प राहावं लागणार नव्हतं.

पायल उठली ती थोडी झोकांडली, भिंत धरली, हसली. तहानेनं तिचे ओठ पांढरे पडले होते. दारातून देवरावनं थंड पाण्याची बाटली पुढे केली आणि तिनं हात लांब केला.

मनकर्णाबाई मध्ये आल्या. पयले वरचे मोजे, उलटे करून. मग झगा, आतली बाजू बाहेर. मग आतले मोजे. मास्क सगळ्यात शेवटी, नाडीला धरून. एकेक वस्तू लाल पिशवीत पडत गेली.

"मावशी, एक घोट," पायल म्हणाली.

"पयले हात धू वं. कोपरापावतर. मंग बाटलीच्या बाटली पे."

पायलनं नळ उघडला. मनकर्णाबाई तिच्या शेजारी उभ्या राहून सेकंद मोजत होत्या, मोठ्यानं, आणि पोरीचा मोकळ्या तोंडानं घेतलेला श्वास आत-बाहेर होताना पाहत होत्या.